कार्निव्होर केअर पावडर: खाणं सोडलेल्या म्हाताऱ्या बॉल पायथॉनसाठी

आधी मत सांगते, मग सविस्तर. ऑक्सबो कंपनीची कार्निव्होर केअर ही पावडर चांगली आहे. आमच्या म्हाताऱ्या सापिणीचं घसरणारं वजन तिने थांबवलं आणि तोंडाचं दुखणं बरं होईपर्यंत तिला तगवलं. पाचपैकी चार तारे. एक तारा कमी दिला, कारण सापाच्या बाबतीत ही वस्तू एकटी उपयोगाची नाही. तिच्यासोबत डॉक्टर लागतो, नळी लागते, शिकलेला हात लागतो आणि पिंजऱ्यात योग्य ऊब लागते. साप जेवत नाही म्हणून कोणी थेट ही पावडर मागवणार असेल, तर कृपा करून पुढचं वाचून मगच मागवा. ही पावडर भूक आणत नाही. दुखण्यातून सावरायला अवधी देते, एवढंच तिचं काम.

मी पेशाने नर्स. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, पहिली नोकरीही तिथेच. लग्नानंतर सेंट लुईसला आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि निवृत्त होईपर्यंत वृद्धांच्या केंद्रात काम केलं. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालणं, नळीने भरवणं, आधीचं पचलंय का ते बघून पुढचं देणं, हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. त्यामुळे या पावडरीकडे मी रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या नजरेने बघितलं. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा पोटात गेल्यावर काय होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

रुग्णाचं नाव चकली. बॉल पायथॉन, मादी. २००० साली आमची मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा हे पिल्लू घरात आलं. वेटोळं घालून, डोकं आत खुपसून बसलेलं बघून मुलीने तिथल्या तिथे नाव ठेवलं. मुलगी पुढे शिकायला गेली, नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला स्थायिक झाली, आणि चकली आमच्याकडेच राहिली. आमचे हे सुरुवातीला तिच्या खोलीत पाऊल टाकत नसत. आता रोज सकाळी तिचं पाणी तेच बदलतात.

पंचविशीतला बॉल पायथॉन म्हणजे म्हातारा, पण हाताबाहेर गेलेला मुळीच नाही. आमच्याच गावच्या प्राणिसंग्रहालयात, फॉरेस्ट पार्कमधल्या सेंट लुईस झूमध्ये, एक बॉल पायथॉन मादी १९६१ साली कुणा खाजगी मालकाकडून आली होती. २०२० च्या जुलैमध्ये, वयाची साठी उलटल्यावर, तिने सात अंडी घातली. किमान पंधरा वर्षं तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. ही बातमी मी मुलीला पाठवली होती, आणि चकली आजारी पडल्यावर मुलीने तीच मला परत पाठवली. "आता वय झालं, त्रास कशाला देता" असं आम्हाला भेटलेल्या काही जणांनी मायेपोटीच सांगितलं. पण वय हे निदान नव्हे. वृद्धांच्या केंद्रात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

बॉल पायथॉन उपास करतात. ज्याने पाळलाय त्याला हे ठाऊक असतं आणि ज्याने नवीन आणलाय तो यानेच घाबरतो. मूळचा हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनच्या पट्ट्यातला. थंडीच्या दिवसांत, विणीच्या काळात किंवा कात टाकण्याआधी धडधाकट मोठा साप महिनोन्‌महिने उंदराकडे ढुंकून बघत नाही आणि तरी त्याचं वजन फारसं हलत नाही. चकलीने तरुणपणी असे हिवाळे कितीतरी वेळा काढले. त्यामुळे उपास किती दिवसांचा झाला हे मोजण्यात अर्थ नाही. काट्यावरचा आकडा बघायचा. चकलीचं नेहमीचं वजन १७०० ग्रॅमच्या आसपास. दर पंधरवड्याला तिला प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. आकडा दहा टक्क्यांहून जास्त उतरला की डॉक्टर, हा नियम मी मनाशी पक्का ठेवलेला आहे. या वेळी तो दीड किलोच्या खाली आला. पाठीचा कणा वर दिसू लागला, दोन्ही कुशी उतरत्या झाल्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ज्या रीतीने नाकारत होती ती रीत. भूक नसलेला साप उंदीर पुढे धरला तरी लपणीतून डोकं बाहेर काढत नाही. चकली बाहेर यायची. जीभ लपलपवत जवळ यायची, मानेचा आकडा करायची, झडपही घालायची. आणि तोंडात धरलेला उंदीर लगेच सोडून द्यायची. विळखा घातलाच तर तो ढिला. भूक होती, घास घेता येत नव्हता. माणसांत हे मी शेकड्याने पाहिलंय. ताट सरकवून देणाऱ्या आजोबांची भूक मेलेली नसते, दातांची कवळी टोचत असते.

सापाला बघणारा डॉक्टर शोधणं हेच अर्धं काम आहे. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांतून साप बहुधा बघत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एआरएव्ही या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या भागातलं नाव शोधावं. आम्हाला ज्या डॉक्टर मिळाल्या त्यांचं नाव इथे देत नाही, पण त्यांनी काय केलं ते सांगते, कारण पावडरीचा उपयोग झाला तो त्यांच्यामुळे.

पहिल्या भेटीत त्यांनी खाण्याचा विषयच काढला नाही. पिंजऱ्याचे फोटो आणि तापमानाची वही मागितली. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, हवेत ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास. आमची वही बघून त्यांनी मान हलवली आणि सांगितलं, आजारपणात उबदार बाजू ३२ च्या खाली जाऊ द्यायची नाही. सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते. पचनरस, आतड्यांची हालचाल, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. गार सापाच्या पोटात अन्न घातलं तर ते पचत नाही, कुजतं. थर्मोस्टॅटवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, इन्फ्रारेड थर्मामीटरने साप प्रत्यक्ष जिथे बसतो त्या जागेचं तापमान बघा, असं त्यांनी बजावलं. पावडरीवर खर्च करायच्या आधी या दोन वस्तूंवर करा, असं मीही सांगेन.

मग तोंड. लवचीक रबरी पट्टीने त्यांनी जबडा हळूच उघडला आणि आतल्या हिरड्या मला दाखवल्या. वरच्या बाजूला लाल ठिपके, एका ठिकाणी पिवळट खरवडीसारखा थर. स्टोमॅटायटिस, म्हणजे तोंडाचा जंतुसंसर्ग. सापाचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही, घट्ट, दह्याच्या कवडीगत असतो, त्यामुळे आपोआप निचरा होत नाही. तो काढावा लागतो. एक्स-रेमध्ये मणक्यांच्या मधल्या भागात हाडं एकमेकांना जोडली गेलेली दिसली. विळखा ढिला का पडतो, त्याचं उत्तर तिथे होतं. रक्तात युरिक ॲसिड थोडं वाढलेलं, म्हणजे शरीरात पाणी कमी आणि मूत्रपिंडं दमलेली.

या क्रमाने उपचार ठरले: आधी पाणी, सोबत प्रतिजैविक, मग अन्न. सेफ्टाझिडीमची इंजेक्शनं दर ७२ तासांनी. ती शरीराच्या पुढच्या भागातच द्यायची, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांवाटे फिरून पुढे जाऊ शकतं. पाणी कातडीखालून, शिवाय रोज कोमट, उथळ पाण्यात बसवणं. अन्नाला हात लावायचा नाही. माझी मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती. "आई, आधीच इतकी वाळलीये, आणि अजून उपाशी ठेवायचं?" मी तिला समजावलं ते इथेही लिहिते.

फार दिवस उपाशी राहिलेल्या जिवाला एकदम पोटभर घातलं की तो दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांनी पाहिलं. साखर आत आली की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं, आणि हृदय, श्वास अडखळतो. माणसांच्या वॉर्डात यासाठी आम्ही पहिले काही दिवस मोजून-मापून देतो. सापाचं शरीर तर याहून वेगळंच चालतं. उपासात त्याचं आतडं आक्रसून घेतं, आणि जेवण मिळालं की पुन्हा वाढवतं. बर्मीज अजगरावर झालेल्या संशोधनात मोठं जेवण झाल्यावर ४८ तासांत हृदयाचा स्नायूसुद्धा चाळीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे प्रत्येक जेवण हे सापासाठी मोठं बांधकाम आहे आणि त्याला लागणारी शक्ती आधी शरीरातूनच खर्च होते. अशक्त म्हाताऱ्या सापाला अख्खा उंदीर जबरदस्तीने कोंबणं म्हणजे त्याच्याकडे नसलेली शक्ती त्याला खर्चायला लावणं. शिवाय दुखऱ्या तोंडातून तो घालायचा. मला ते क्रूर वाटतं, आणि यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी आहे.

इथे या पावडरीचं महत्त्व कळतं. ती आधीच बारीक केलेलं, मांसाहारी प्राण्याला चालणारं अन्न आहे. प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट पदार्थ कमी. केस, कातडी, हाडं पचवायचे कष्ट नाहीत. पातळ करता येते, मिलिलिटरमध्ये मोजता येते, आणि आज किती पोटात गेलं हे नेमकं सांगता येतं. नर्सला याहून दुसरं काय हवं असतं!

विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. याच नेब्रास्काच्या कंपनीची क्रिटिकल केअर नावाची दुसरी पावडर मिळते. ती ससे आणि गिनीपिगसाठी, टिमोथी गवतापासून केलेली. सापाला तिचा काडीचा उपयोग नाही. नाव सारखं वाटतं म्हणून घाईत भलतंच पाकीट उचललं जाऊ शकतं. कार्निव्होर हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही ७० ग्रॅमचं पाकीट डॉक्टरांकडूनच घेतलं. एका सापाला ते पुष्कळ दिवस पुरतं.

कालवण्याची पद्धत: पाणी कोमट घ्यायचं, कढत नाही. पावडर थोडी थोडी टाकत ढवळायची आणि पाचेक मिनिटं तशीच ठेवायची, कारण ती भिजल्यावर दाटते. लगेच सिरिंजमध्ये भरली तर नळीत गेल्यावर घट्ट होते. मग गाळणीतून गाळून घ्यायची. यासाठी वेगळी गाळणी ठेवा. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवावी. डॉक्टरांनी पहिल्या खेपेला पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने पातळ करायला सांगितलं होतं, पळीवाढं पिठलं असतं तितपत. पुढे प्रमाण वाढवत नेलं. उरलेलं मी टाकून देते. उघडलेलं पाकीट हवा काढून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये.

नळी घालणं पहिल्यांदा डॉक्टरांनी केलं, मी बघितलं. दुसऱ्यांदा मी केलं, त्यांनी बघितलं. त्यानंतरच घरी. मी इतकी वर्षं माणसांना नळ्या घातल्या तरी हाच क्रम धरला, आणि ज्यांनी कधी घातली नसेल त्यांनी तर तो सोडूच नये. खरं सांगायचं तर सापाला नळी घालणं माणसापेक्षा सोपं आहे. माणसात नळी श्वासनलिकेत जाण्याची धास्ती प्रत्येक वेळी असते. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे, खालच्या जबड्यावर, अगदी समोर दिसतं, श्वासासरशी उघड-मीट करताना. त्याच्या वरून, मागच्या बाजूने नळी सरकवायची. आमच्याकडे मऊ लाल रबरी कॅथेटर होतं. तोंडापासून जठरापर्यंतचं अंतर डॉक्टरांनी बाहेरून मोजून तिथे चिकटपट्टीची खूण करून दिली होती. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावायची. आमचे हे चकलीचं अंग दोन्ही हातांवर पेलून उभे, डोक्याकडची बाजू वर. मी जबडा उघडणार, नळी खुणेपर्यंत नेणार, सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश दाबणार. घाई केली तर अन्न वर येतं. नळी काढताना ती चिमटीत दाबून काढायची, म्हणजे थेंब श्वासनलिकेवर सांडत नाही. त्यानंतरही तिला थोडा वेळ तसंच तिरकं धरायचं. मग पिंजऱ्यात, उबेत, आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांना दाखवायलाही नाही.

तिच्यासाठी सुरुवात १० मिलिलिटरने झाली, नंतर २५ पर्यंत गेलो, पाच ते सात दिवसांच्या अंतराने. हा हिशोब दीड किलोच्या आतल्या, मूत्रपिंडं दमलेल्या एका सापाचा आहे. तुमच्या सापाचा तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार मोठा असेल तर इतकी प्रथिनं देणं घातकही ठरू शकतं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ही पावडर देऊ नये असं माझं ठाम मत आहे. सतत उलटी करणाऱ्या सापाला, पोटात अडथळा असलेल्या सापाला हिचा उपयोग नाही. आणि हिवाळ्यात उपास करणाऱ्या धडधाकट तरुण सापाला तर मुळीच देऊ नये. त्याला नुसती धास्ती बसते, आणि नंतर तो उंदरालाही बिचकतो.

फरक काय पडला? पहिल्या दोन-तीन खेपांत वजन वाढलं नाही, फक्त उतरायचं थांबलं. यात निराश होण्यासारखं काही नाही, मला तेवढंच हवं होतं. मग एके सकाळी पिंजऱ्यात विष्ठा आणि तिच्यासोबत पांढरा, ओलसर खडू पडला होता. सापाचं मूत्र असंच घट्ट, युरिक ॲसिडचं असतं. तो खडू पिवळा, कोरडा, कडक असेल तर पाणी कमी पडतंय. पांढरा आणि मऊ असेल तर आतलं काम सुरळीत चाललंय. आमचे हे तो कागदावर घेऊन मला दाखवायला स्वयंपाकघरात आले, आणि मी त्यांना पोळ्या लाटता लाटता शाबासकी दिली. त्यानंतर वजन सावकाश वर सरकू लागलं. तोंडाचा संसर्ग बरा होईपर्यंत ती १५०० वर आली होती. हिरड्या गुलाबी झाल्या, थर गेला.

पण भूक पावडरीने आणली नाही, हे पुन्हा सांगते. ती आली तोंड बरं झाल्यावर, आणि तेव्हाही आम्हाला खाण्याची रीत बदलावी लागली. पूर्वी ती मध्यम आकाराचा उंदीर घ्यायची. मणके जुळलेल्या सापाला तेवढ्याभोवती विळखा घालता येत नाही आणि तो गिळताना अंगाला पीळ देणंही जड जातं. म्हणून आता लहान, नुकते केस फुटलेले उंदीर, थोड्या थोड्या दिवसांनी. गोठवलेले उंदीर रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचे. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतात आणि फुटतात. बॉल पायथॉनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. नजर मंदावली तरी त्या शाबूत राहू शकतात. त्यामुळे उंदराचं डोकं ३८ ते ४० अंशांवर असायला हवं, मागचं अंग थोडं गार असलं तरी चालेल. लांब चिमट्याने झुलवून झडप घालायला लावायचं नाही, लपणीच्या तोंडाशी ठेवून द्यायचं, दिवा मालवायचा आणि खोलीबाहेर जायचं. म्हाताऱ्या माणसालाही जेवताना कुणी टक लावून बघितलेलं आवडत नाही.

जिवंत उंदीर देण्याचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तो मुळीच ऐकू नका. ज्या सापाला पकड धरता येत नाही त्याला उंदीर चावतो, डोळ्याला, ओठाला, कधी पाठीचं मांस हाडापर्यंत कुरतडतो.

आता तिकडच्या वाचकांसाठी. मिरजेहून अक्काचा फोन आला तेव्हा ती काळजीने म्हणाली, "अगं, मग वाटीभर दूध तरी दे की तिला." अक्काने आयुष्यभर नागपंचमीला नागोबाला दूध वाहिलंय, त्या दिवशी घरात चिरलं-तळलं नाही. तिच्या भक्तीचा मला आदर आहे. पण सापाला दूध पचत नाही. गारुड्याकडचा साप दूध पितो तो तहानेने, कारण त्याला दिवसेंदिवस पाणी दिलेलं नसतं, आणि त्या दुधानेच पुढे आजारी पडतो. अक्काला मी हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आता दर आठवड्याला वजन विचारते.

भारतात नाग, धामण, अजगर असा कुठलाही देशी साप घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हातारा, जखमी साप सापडला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवा, घरी नळीने भरवायच्या फंदात पडू नका. बॉल पायथॉन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिकडे तो बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. ज्यांच्याकडे नोंद झालेला असा साप आहे, त्यांनी पावडर कुठे मिळते हे शोधण्याआधी साप बघणारा पशुवैद्य शोधावा. पावडर त्यांच्याकडून कळेल, किंवा ते दुसरं काही सुचवतील. पालीसारख्या लहान सरड्यांना बोटाने चाटवायचे फळांचे लगदे सापाला चालत नाहीत, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

खर्चाबद्दल मुलीने विचारलं होतं, तुम्हीही विचाराल. पावडरीचा खर्च या सगळ्यात सगळ्यांत कमी. एक्स-रे, रक्ततपासणी आणि इंजेक्शनं यांचा जास्त. जो नवीन साप आणतोय त्याने वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या या खर्चाचाही विचार आजच करावा. दहा वर्षांच्या मुलीला तो करता येत नाही, आईबापांनी करायचा असतो.

चकली आता १५८० ग्रॅमवर आहे. पूर्वीचं वजन गाठायलाच हवं असं डॉक्टरांना वाटत नाही, या वयात थोडी हलकी असलेली बरी म्हणतात. नळी शेवटची घातली त्याला आता बरेच आठवडे झाले. कधी मधलं जेवण चुकलं आणि आकडा उतरला तर १० मिलिलिटरपासून पुन्हा सुरुवात करायची, असं आमचं ठरलंय, आणि उरलेलं पाकीट त्यासाठी फ्रिजच्या दारात आहे, वर उघडल्याची तारीख लिहून. पुढची रक्ततपासणी फेब्रुवारीत. युरिक ॲसिड खाली आलेलं नसेल तर ही पावडर बंद करून कमी प्रथिनांचं काही बघू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तसं झालं तर मी इथे येऊन तारे बदलेन.